रक्ताचा रिपोर्ट स्वच्छ, घोडा मात्र लंगडतोय: सांध्याच्या आजारात रक्ततपासणी कुठे फसते आणि ती नीट कशी करायची

दोन तक्रारी पुन्हा पुन्हा येतात. पहिली: फेटलॉक (खुराच्या वरचा, घोट्यासारखा दिसणारा सांधा) भरलाय, घोडा दुडकीत मान वरखाली करतोय, पण रक्तात काहीच सापडत नाही. दुसरी: रिपोर्टवर एसएए (दाह झाला की रक्तात वाढणारं प्रथिन) ८०० छापून आलंय, तबेल्यात सगळे हादरलेत, आणि सांध्यातलं पाणी काढावं तर ते स्वच्छ, पिवळसर, तार धरणारं.

दोन्हींचं मूळ एकच आहे. ४५० किलोच्या घोड्याच्या अंगात ३५ ते ४० लिटर रक्त असतं आणि फेटलॉकच्या सांध्यात द्रव असतो जेमतेम काही मिलिलिटर. त्या सांध्यातल्या कूर्चेची झीज होऊन जे तुकडे सुटतात ते रक्तात पोहोचतात खरे, पण तिथे बाकी सगळे सांधे, पाठीचा कणा, बरगड्यांची टोकं इथून आलेला माल आधीच असतो. यकृत आणि मूत्रपिंडं त्यातला बराचसा काढून टाकतात. उलट एसएए, म्हणजे सीरम अमायलॉइड ए, मुख्यतः यकृतात तयार होतं आणि शरीरात कुठेही जोरदार दाह झाला की वाढतं. म्हणजे झिजेचा मार्कर (आजाराची खूण देणारा घटक) रक्तात विरळ होऊन जातो आणि दाहाचा मार्कर जागा सांगत नाही. रक्त पाठवण्याआधी आपण नेमकं काय विचारतोय हे ठरलं नसेल तर कुठलाही आकडा दिशाभूल करणारच.

आधी या तपासण्या यादीतून काढा

तालुक्याच्या गावी बहुतेक वेळा नमुना माणसांच्या लॅबमध्ये जातो आणि तिथून 'आर्थ्रायटिस प्रोफाइल' येतं: आरए फॅक्टर, सीआरपी, युरिक अॅसिड, ईएसआर. घोड्यासाठी हे चारही सोडून द्या. घोड्यात सीआरपी हा दाहाचा मुख्य मार्कर नाहीच, शिवाय माणसांच्या किटमधली अँटिबॉडी घोड्याचं सीआरपी भरवशाने पकडत नाही. ईएसआर, म्हणजे लाल पेशी तळाशी बसण्याचा वेग, निरोगी घोड्यातही जास्तच येतो, कारण घोड्याच्या लाल पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटून बसतात. युरिक अॅसिड साचून होणारा सांधेरोग हा माणसांचा आजार. सीरम कॅल्शियम आणि एकूण अल्कलाइन फॉस्फटेजवरूनही सांध्याचं निदान होत नाही. हे फॉस्फटेज हाडातून येतं तसं यकृतातून आणि आतड्यातूनही येतं.

ठेवायच्या त्या दोन: सीके आणि एएसटी, म्हणजे स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाइमं. घोडा आखडून चालत असेल तर दोष सांध्यात आहे की स्नायूत, हे ठरवायला त्यांचा उपयोग होतो. स्नायूला इजा झाली की सीके ४ ते ६ तासांत शिखर गाठतं, एएसटी साधारण २४ तासांनी. दोन्ही चढलेली असतील तर सांध्याच्या मागे लागण्याआधी मांड्या आणि पुठ्ठे चाचपून बघा, लघवीचा रंग बघा.

सांध्यात संसर्ग झालाय का?

रक्त खऱ्या अर्थाने कामाला येतं ते या एका प्रश्नावर, म्हणून इथे जरा थांबू.

निरोगी घोड्याच्या रक्तात एसएए जवळपास नसतंच. बहुतेक लॅब २० मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आतला आकडा नॉर्मल धरतात आणि पुष्कळदा रिपोर्टवर सरळ शून्य येतं. एका लॅबने मिलिग्रॅम प्रतिलिटर आणि दुसरीने मायक्रोग्रॅम प्रतिमिलि लिहिलं तरी आकडा तोच राहतो, रूपांतर करू नका. दाह सुरू झाल्यावर ६ ते १२ तासांत एसएए चढायला लागतं, साधारण दोन दिवसांत शिखरावर जातं आणि शेकडोंपासून हजारोंपर्यंत पोहोचू शकतं. फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन, दाहात हेही वाढतं) याच्या मागून येतं: नॉर्मल २०० ते ४०० मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटर, वाढ दिसायला एक-दोन दिवस, आणि उतरायलाही वेळ. एसएए ६०० आणि फायब्रिनोजेन ३०० अशी जोडी दिसली तर रिपोर्ट चुकलाय असं समजू नका. आजार ताजा आहे, एवढाच त्याचा अर्थ. एसएए उतरलेलं आणि फायब्रिनोजेन ७०० असेल तर बहुधा जोर ओसरत चाललाय.

पांढऱ्या पेशींवर विसंबू नका. मोठ्या घोड्याच्या एका सांध्यात पू झालेला असतानाही हिमोग्रॅम पूर्ण नॉर्मल येऊ शकतं. त्यात घोडा बुजला, झटापट केली, तर प्लीहा आकुंचन पावून लाल पेशी रक्तात सोडते आणि हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) वर जातो; त्याच धांदलीत पांढऱ्या पेशींचा आकडाही उचलला जातो. एसएए अशा घडीभराच्या धावपळीने हलत नाही.

फसगत होते ती वेळेमुळे. सांध्याजवळ तारेने जखम झाली, तीन तासांत रक्त घेतलं, एसएए शून्य आलं, आणि 'सांधा वाचला' असं ठरवून टाके घातले. तीन तासांत ते चढलेलंच नसतं. दुसरा प्रकार याच्या उलटा: जखम नुसती कातडीची आहे पण मोठी आहे, तर तिच्यामुळेच एसएए दोन दिवस वर राहील आणि सांधा निर्दोष असेल. तेव्हा सांध्याला लागून जखम असेल तर रक्ताची वाट पाहू नका. जखमेपासून लांबच्या बाजूने सुई घालून सांध्यातला द्रव काढा, मग त्याच सुईतून निर्जंतुक सलाइन दाबाने भरा आणि ते जखमेतून बाहेर येतंय का ते बघा. आलं तर सांधा उघडा आहे. त्याला कुठल्याही मार्करची जोड लागत नाही, घोडा त्याच दिवशी सांधा धुण्यासाठी हलवायचा.

रक्ताचा खरा उपयोग आकड्यांच्या ओळीत आहे. शक्य असेल तर पहिला नमुना घोडा बघताक्षणी, नंतर १२, २४ आणि ४८ तासांनी. सांध्यात इंजेक्शन दिल्यावर घोडा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अचानक पाय टेकेनासा झाला, तर औषधाची तात्पुरती भडक आणि जंतुसंसर्ग यांत फरक करायला ही ओळ फार मदत करते. भडक सहसा एक-दोन दिवसांत निवते. एसएए मात्र दर नमुन्याला चढतच असेल तर संसर्ग धरूनच पुढे जा. दरम्यान फेनिलब्युटाझोन किंवा फ्लुनिक्सिन यांसारखं वेदनाशामक दिलेलं असेल तर ताप आणि लंगड दबते, पण एसएए सहसा दबत नाही. औषधाखाली घोडा बरा 'दिसत' असताना हाच आकडा खरी स्थिती दाखवतो.

सांध्यातल्या द्रवाचे आकडे आणि एक नेहमीची चूक

शेवटचा निर्णय द्रवावर होतो. नॉर्मल द्रवात एकूण प्रथिनं २ ग्रॅम प्रतिडेसिलिटरच्या आत, पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरमागे १००० च्या आत (बहुधा ५०० पेक्षाही कमी) आणि त्यांतल्या न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १० टक्क्यांपेक्षा कमी. प्रथिनं ४ च्या वर, पेशी ३०,००० च्या वर आणि न्यूट्रोफिल ८० ते ९० टक्के असतील तर संसर्ग धरा, कल्चर (जंतू वाढवून बघण्याची तपासणी) निगेटिव्ह आलं तरी. कल्चर पुष्कळदा निगेटिव्ह येतं. द्रव थेट ब्लड कल्चरच्या बाटलीत टाकला तर जंतू सापडण्याची शक्यता वाढते. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) ट्यूबमधून कल्चर कधीच लावू नका.

ती नेहमीची चूक अशी: सांध्यातून अर्धा मिलि द्रव निघतो आणि तो ३ मिलिच्या ईडीटीए ट्यूबमध्ये टाकला जातो. प्रथिनं मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर द्रवात विरघळलेलं सगळंच मोजतो, ईडीटीएसुद्धा. ट्यूब अर्धवट भरली की प्रथिनांचा आकडा खोटाच वर जातो आणि काठावरचा सांधा 'संसर्गी' ठरतो. लहान मुलांसाठी येते ती अर्ध्या मिलिची ट्यूब वापरा. ती नसेल तर थेंबभर द्रव ट्यूबमध्ये घालण्याआधीच सरळ रिफ्रॅक्टोमीटरवर टाकून वाचून घ्या.

एकदा सुई घातलेल्या किंवा धुतलेल्या सांध्यात पुढचे काही दिवस पेशी आणि प्रथिनं नुसत्या त्या छेडछाडीनेही वाढलेली असतात. द्रवातलं एसएए यामुळे फारसं बिघडत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी द्रव काढत असाल तर त्यातलं एसएए जरूर करून घ्या. पेशींचा गोंधळ तिथे सुटतो. सूज कातडीखाली पसरून गरम झालेली असेल तर मात्र त्या भागातून सुई घालू नका, बाहेरचे जंतू आत जातील.

एसएए वर, सांधा स्वच्छ: मग शोधायचं कुठे?

सर्वात आधी इंजेक्शनची नोंद बघा. आपल्याकडे कुठलीही जखम झाली की धनुर्वाताची लस दिली जाते, आणि लसीनेच काही दिवस एसएए चढलेलं राहतं. इन्फ्लुएंझाच्या लसीनेही तेच होतं. खच्ची करणं, दात काढणं, कुठलीही शस्त्रक्रिया, मानेवर इंजेक्शनच्या जागी झालेली गाठ, शीर सुजणं, खोकला, पोटाचा आजार, सगळ्यांनी एसएए वाढतं. लांब पल्ल्याच्या शर्यतीनंतर आणि ट्रकच्या मोठ्या प्रवासानंतरही वाढू शकतं. सारंगखेड्याच्या बाजारात राजस्थान-पंजाबकडून ट्रकने आलेल्या घोड्याचं त्याच दिवशी घेतलेलं एसएए सांध्याबद्दल काहीच सांगत नाही. खरेदीआधीची सांध्याची तपासणी म्हणून ते वापरू नये. तिथे पाय वाकवून दुडकीत पळवणं, एक्स-रे, आणि वेदनाशामक दिलंय का याची स्वतंत्र तपासणी, यावर पैसे घालवा.

पाय सुजलेत, अंगात कणकण आहे, घोडा ताठ चालतोय आणि एसएए चढलंय, अशा वेळी रक्ताचा पातळ लेप काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायला विसरू नका. सर्रा आणि बाबेशिया-थायलेरिया हे रक्तातल्या परजीवींमुळे होणारे, आपल्या भागातले आजार आहेत. पायांवर सूज त्यातही येते आणि ती सांध्याची समजली जाते. पावसाळ्यात खुरातला गळू हाही असाच चकवा. घोडा पाय अजिबात टेकत नाही, फेटलॉकपर्यंत सूज चढते, एसएएही वर जाऊ शकतं. खूर चिमट्याने दाबून बघितल्याशिवाय आणि नाल काढून तळवा तपासल्याशिवाय सांध्यात सुई घालू नये.

शिंगरू लंगडत असेल तर

शिंगरू लंगडलं की 'घोडीने लाथ मारली असेल' हे वाक्य धोक्याचं आहे. काही आठवड्यांपर्यंतच्या शिंगराची लंगड म्हणजे संसर्ग, उलट सिद्ध होईपर्यंत. जंतू नाळेतून, फुप्फुसातून किंवा आतड्यातून रक्तावाटे सांध्यात जातात, आणि एकाहून जास्त सांधे धरलेले असू शकतात. त्याच दिवशी एसएए, फायब्रिनोजेन आणि आयजीजी (आईच्या चिकातून मिळणाऱ्या अँटिबॉडी) करा. आयजीजी ४०० मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटरच्या खाली म्हणजे चीक पोचलाच नाही, ४०० ते ८०० म्हणजे अर्धवट पोचला. फायब्रिनोजेन ९०० च्या वर असेल तर नुसता सांधा धुऊन भागणार नाही; शेजारच्या हाडात, वाढीच्या पट्टीत संसर्ग शिरलाय का, हे एक्स-रेवर शोधा, आणि पहिला एक्स-रे स्वच्छ आला तर काही दिवसांनी पुन्हा काढा. हाडातला बदल फिल्मवर उशिरा दिसतो.

झिजेचा आजार: इथे एसएए नॉर्मलच येणार

पहिल्या तक्रारीचं उत्तर हे आहे. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये दाह सांध्यापुरता आणि मंद असतो. यकृताला जागं करण्याइतका नसतो. जुनाट लंगडीत रक्तातलं एसएए शून्य येणं अपेक्षितच आहे. त्याचा उपयोग एकच, संसर्गाची शंका कमी होते.

झिजेसाठी वेगळे मार्कर आहेत. कूर्चेतलं दुसऱ्या प्रकारचं कोलॅजन तुटताना सुटणारे सी२सी आणि सीटीएक्स-२, नवं कोलॅजन बनताना सुटणारं सीपी-२, कूर्चेच्या गाभ्यातलं सीएस-८४६, कॉम्प हे प्रथिन, आणि हाडाच्या उलाढालीचे ऑस्टिओकॅल्सिन व सीटीएक्स-१. यांवरचं पायाभूत काम बरंचसं अमेरिकेत कोलोराडो स्टेट युनिव्हर्सिटीत झालं. पुढच्या गुडघ्यात मुद्दाम हाडाचा तुकडा उकलून झीज सुरू केलेल्या घोड्यांत आणि नुसता व्यायाम दिलेल्या घोड्यांत फरक करता येतो का, हे तिथे बघितलं गेलं. व्यायामानेही यातले काही मार्कर वाढतात, आजाराने त्याहून जास्त. नंतर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शर्यतीच्या दोन-तीन वर्षांच्या १३० थरोब्रेड घोड्यांचं दर महिन्याला रक्त घेऊन दुखापतीचा अंदाज बांधला गेला. चारातल्या सुमारे तीन घोड्यांबाबत वर्गीकरण बरोबर आलं. हे आशादायक आहेच. पण तो निकाल एका नमुन्याचा नव्हता आणि एका मार्करचाही नव्हता, आणि चारातला एक तरीही चुकला. स्वीडनमध्ये कॉम्पच्या तुटलेल्या टोकावर, म्हणजे आजारातच उघड्या पडणाऱ्या भागावर, काम चालू आहे. ती दिशा आम्हाला जास्त योग्य वाटते, कारण सबंध प्रथिन मोजण्यापेक्षा आजाराने तोडलेला तुकडा मोजणं हे आपल्या प्रश्नाच्या जवळ जातं.

आज तबेल्यात यांतल्या कुठल्याही मार्करचा 'याच्या वर म्हणजे आजार' असा पक्का आकडा नाही. एका लंगड्या घोड्याचा एकच नमुना परदेशी पाठवायचा असेल तर ते पैसे नर्व्ह ब्लॉक (पायाचा एकेक भाग बधिर करून लंगड थांबते का ते बघणं) आणि एक्स-रेवर खर्च करा. सांधा कुठला, हे तिथे कळेल.

मात्र महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसकोर्सवरच्या तबेल्यासारखे बरेच तरुण घोडे एकाच शिस्तीत काम करत असतील तर मालिका घेण्यात अर्थ आहे. तिथे आकडे उड्या मारतात अशी तक्रार येते. कारणं बहुतेक वेळा ही: दोन वर्षांच्या घोड्याची तुलना सहा वर्षांच्याशी केली, तर वाढत्या हाडांमुळे ऑस्टिओकॅल्सिन आणि सीटीएक्स-१ जास्त येणारच. एक नमुना पहाटे, दुसरा दुपारी घेतला, तर ऑस्टिओकॅल्सिन दिवसभरात वरखाली होतंच. एक गॅलपनंतर, दुसरा विश्रांतीच्या दिवशी. किंवा मधेच किटची कंपनी बदलली. दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत. म्हणून घोडा पूर्ण बरा असतानाच तुलनेसाठी पायाभूत दोन-तीन नमुने घ्या, महिन्याच्या अंतराने, सकाळी कामाला काढण्याआधी, शेवटच्या जोरदार कामानंतर ठरावीक तासांनी. सगळे गोठवून ठेवा आणि एका घोड्याचे सगळे नमुने एकाच प्लेटवर, म्हणजे एकाच वेळच्या चाचणीत, लावायला सांगा. तुलना त्या घोड्याची त्याच्याशीच.

नमुना बिघडतो तो इथे

मानेच्या शिरेतून १८ किंवा २० गेजच्या सुईने घ्या. सिरिंजचा दट्ट्या हळू ओढा, आणि ट्यूब भरताना सुई काढून टाका. सुईतून जोराने ढकललं की पेशी फुटून सीरम लाल होतं. घोड्याचं सीरम मुळातच पिवळं असतं, त्याला कावीळ समजू नका. लाल बुचाची साधी ट्यूब उभी ठेवून अर्धा ते एक तास सावलीत गोठू द्या. लगेच बर्फात घातली तर गुठळी नीट बसत नाही, सीरममध्ये फायब्रिनचे धागे राहतात आणि ते मशीनमध्ये अडकून वेडेवाकडे आकडे देतात. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर तर अजिबात नको.

मग सेंट्रिफ्यूजमध्ये १५०० ते २००० जी वर (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीतला जोर) १० मिनिटं फिरवा. इथे फेऱ्यांचा आकडा पुरत नाही, रोटरची त्रिज्या मोजा: १० सेंटिमीटर त्रिज्येला ३५०० फेरे म्हणजे सुमारे १३७० जी, ४००० फेरे म्हणजे सुमारे १७९०. सीरम गुठळीवरून काढून अर्ध्या-अर्ध्या मिलिच्या तीन-चार कुप्यांत भरा. एसएए एक-दोन दिवसांत होणार असेल तर २ ते ८ अंशांवर चालेल. कूर्चेच्या मार्करसाठी मात्र त्याच दिवशी गोठवा, जास्त काळ ठेवायचं तर उणे ८० वर, आणि एकदा वितळलेली कुपी परत गोठवू नका. वेगवेगळ्या कुप्या करायच्या त्या यासाठीच. फायब्रिनोजेनला ही ट्यूब चालत नाही, सीरममध्ये ते उरतच नाही. लॅबच्या पद्धतीप्रमाणे सायट्रेट किंवा ईडीटीए द्या.

आणखी दोन गोष्टी लॅबला विचाराव्या लागतात. घोडा मरणाचा आजारी आणि एसएए मात्र ४०, असं दिसलं तर नमुना पातळ करून पुन्हा लावायला सांगा. काही चाचण्यांत मार्कर अतोनात जास्त असेल तर आकडा खोटाच कमी येतो. आणि खुरांसाठी रोज बायोटिन चालू असेल तर चाचणी बायोटिन-स्ट्रेप्टअॅव्हिडिनवर चालते का ते विचारा. चालत असेल तर आकडा बिघडू शकतो, म्हणून सुरक्षित म्हणून काही दिवस बायोटिन थांबवून नमुना घ्या.

उपचार चालू असताना

सांधा धुतल्यावर पहिल्या दिवशी एसएए वर राहील, कधी वाढेलही. शस्त्रक्रियेचा वाटा त्यात आहे. त्यानंतर दर २४ ते ४८ तासांनी नमुना घ्या. आकडा सतत उतरला पाहिजे. दोन दिवस उतरून पुन्हा चढला तर आधी शिरेतली कॅन्युला आणि टाक्यांची जागा बघा, तिथे काही नसेल तर सांध्यातला द्रव पुन्हा काढा. एसएए शून्यावर आलं पण घोडा अजून पाय टेकत नाही, असं असेल तर प्रतिजैविक बंद करण्याची घाई नको. एक्स-रे काढा, हाड आणि कूर्चा बघा.

लॅबच्या फॉर्मवर घोड्याचं वय, रक्त घेतल्याची वेळ, लंगड सुरू झाल्याची वेळ, शेवटचं काम कधी केलं, गेल्या दोन आठवड्यांतल्या लसी आणि इंजेक्शनं, सांध्यात काही दिलंय का आणि कधी, चालू औषधं, एवढं लिहा. मोतद्दाराला विचारून लिहा, कारण कुठलं इंजेक्शन कधी टोचलं हे बहुतेक वेळा त्यालाच नीट ठाऊक असतं.